चालक नसलेली मेट्रो आणि पंच्याहत्तर मिनिटांचं गणित

आज बंगळुरूच्या पिवळ्या मेट्रोबद्दल बोलायचं आहे. तिथल्या मेट्रोला नम्म मेट्रो म्हणतात. नम्म म्हणजे कन्नडमध्ये ‘आपली’. पिवळी ही तिची तिसरी मार्गिका. १० ऑगस्ट २०२५ ला तिचं उद्घाटन झालं आणि दुसऱ्या दिवसापासून ती लोकांसाठी खुली झाली. आर. व्ही. रोड ते बोम्मसंद्रा, १९.१५ किलोमीटर, १६ स्थानकं, सगळा मार्ग खांबांवरून.

उद्घाटनाच्या सुमारास बातम्यांमध्ये एक शब्द सारखा कानावर पडत होता: ड्रायव्हरलेस. मी या गाडीतून जाऊन आलो म्हटल्यावर ओळखीतल्या मराठी मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला. खरंच आत कोणी नसतं का हो? भीती नाही वाटत? प्रश्न चांगला आहे, त्याचं उत्तर देतोच. पण रोज इलेक्ट्रॉनिक सिटीला कामाला जाणाऱ्या माणसाच्या दृष्टीने त्याहून मोठा प्रश्न वेगळा आहे, आणि तो म्हणजे पुढची गाडी किती मिनिटांनी. या दोन प्रश्नांचं एकमेकांशी घट्ट नातं आहे. तेच आज उलगडून बघू.

आधी गाडीत बसू. आर. व्ही. रोडला हिरव्या मार्गिकेवरून बदलून इथे येता येतं. तिथून पुढे रागीगुड्डा. रागीगुड्डा ते सिल्क बोर्ड या सुमारे ३.३ किलोमीटरच्या टप्प्यात एकाच खांबांवर खाली वाहनांचा उड्डाणपूल आणि वर मेट्रो, अशी दुमजली बांधणी आहे. खिडकीतून खाली पाहिलं की गाड्यांची टपं दिसतात. मग जयदेव हॉस्पिटलचं स्थानक. मेट्रोसाठी इथला जुना उड्डाणपूल पाडावा लागला होता. आता तिथे खालचा रस्ता, वरचा रस्ता आणि मेट्रो असे थर एकावर एक चढलेले आहेत, आणि पुढे गुलाबी मार्गिकाही इथेच येऊन मिळायची आहे. नंतर सेंट्रल सिल्क बोर्ड. बंगळुरूत राहिलेल्या कुणालाही या चौकाचं नाव सांगितलं की तो आधी सुस्कारा सोडतो. वाहतूक कोंडीवरचे शहरातले निम्मे विनोद याच चौकावर असतील. मेट्रो त्याच्या डोक्यावरून शांतपणे निघून जाते. तिथून होसूर रोडच्या कडेने बोम्मनहळ्ळी, होंगसंद्रा, कूडलू गेट, सिंगसंद्रा करत गाडी इलेक्ट्रॉनिक सिटीला पोचते. पुढचं कोनप्पन अग्रहार हे स्थानक इन्फोसिस फाउंडेशनच्या नावाने आहे, त्यानंतर हेब्बगोडीला बायोकॉनचं नाव, आणि शेवटच्या बोम्मसंद्राला डेल्टा इलेक्ट्रॉनिक्सचं. कंपन्यांनी पैसे दिले आणि स्थानकांना नावं लागली. मला ही पद्धत फारशी रुचत नाही, गावाचं नाव पुरे असतं. पण तो आजचा विषय नाही.

हा सगळा प्रवास साधारण पस्तीस मिनिटांचा. पस्तीस हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता ‘चालक नाही’ म्हणजे नक्की काय ते पाहू. मेट्रोच्या जगात याच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. मुंबईच्या लोकलपासून सुरुवात केली तर चटकन समजेल. लोकलमध्ये पुढे मोटरमन, मागे गार्ड. गार्ड घंटी देतो, मोटरमन गाडी काढतो, सिग्नल डोळ्यांनी पाहतो, ब्रेक हाताने लावतो. यंत्रणेचं काम एवढंच, की मोटरमन चुकला तर त्याला अडवायचं. दुसऱ्या पायरीवर गाडी स्वतःच वेग धरते, स्वतःच थांबते. चालक फक्त दरवाजे बघतो आणि निघायचं बटण दाबतो. भारतातल्या बऱ्याच मेट्रो अशाच चालतात. तुम्ही पुढे बसलेल्या चालकाला पाहता आणि तो गाडी चालवतोय असं तुम्हाला वाटतं, पण दोन स्थानकांच्या मधल्या अंतरात बहुतेक काम यंत्र करत असतं. तिसऱ्या पायरीवर पुढची केबिन जाते, गाडीत फक्त एक सेवक असतो. चौथ्या पायरीवर तोही लागत नाही. पहाटे डेपोत गाडी आपोआप जागी होते, आपली आपण तपासणी करते, मार्गावर येते आणि रात्री परत जाऊन उभी राहते.

पिवळ्या मार्गिकेची यंत्रणा या चौथ्या पायरीसाठी बांधलेली आहे. तरी सुरुवातीला गाडीत पुढे चालक ठेवूनच ती सुरू केली. यात फसवाफसवी काही नाही, रीतच ती आहे. दिल्लीच्या मजेंटा मार्गिकेवर २८ डिसेंबर २०२० ला देशातली पहिली चालकविरहित मेट्रो सुरू झाली. तो मार्ग त्याआधी काही वर्षं चालकांसह चालत होता. मेट्रोच्या नियमांमध्येही त्यासाठी बदल करावा लागला, कारण जुने नियम गाडीत चालक असणारच हे धरून लिहिलेले होते. २०२१ च्या नोव्हेंबरात दिल्लीची पिंक मार्गिकाही याच रांगेत आली. मुंबईत २ अ आणि ७ या मार्गांवरच्या गाड्याही चालकाशिवाय धावू शकतील अशाच बनवलेल्या आहेत.

मग ही गाडी बघते कशी? खरं म्हणजे ती बघतच नाही. रेल्वेची जुनी पद्धत अशी, की रुळांचे ठरावीक लांबीचे तुकडे पाडायचे आणि एका तुकड्यात एका वेळी एकच गाडी सोडायची. पुढची गाडी तुकड्याच्या कुठल्याही टोकाला असो, मागची त्या तुकड्यात शिरणार नाही. पद्धत सुरक्षित आहे, पण मधली बरीच जागा वाया जाते. नव्या पद्धतीत तुकडे रुळांना चिकटलेले नसतात. रुळांच्या मध्ये ठरावीक अंतरावर खुणेच्या पट्ट्या बसवलेल्या असतात. गाडी त्यांवरून जाताना आपली जागा पक्की करते आणि दोन पट्ट्यांच्या मधलं अंतर चाकांच्या फेऱ्यांवरून मोजते. मग रेडिओवरून नियंत्रण यंत्रणेला सांगत राहते: मी इथे आहे, माझा वेग एवढा आहे. यंत्रणा तिला उत्तर देते: तुला अमुक ठिकाणापर्यंत जायची परवानगी आहे. पुढची गाडी सरकली की ही परवानगीची हद्दही पुढे सरकते. दिंडीत चालणारा वारकरी पुढच्याच्या पावलांकडे बघून अंतर राखतो, तसंच काहीसं. पुढचा चालला की हा चालतो, पुढचा थांबला की हाही थांबतो.

सुरक्षेचं मर्म यातच आहे. परवानगीची हद्द कुठे संपते हे गाडीला माहीत असतं, आणि तिथे थांबायचं असेल तर ब्रेक कधी लावायला हवा हे ती सतत मोजत असते. रेडिओचा संपर्क तुटला, आकडे जुळले नाहीत, दरवाजा नीट लागल्याची खूण मिळाली नाही, तर गाडी थांबते. शंका आली की थांबायचं, हा या यंत्रणेचा पहिला नियम. माणूस घाईत असताना शंका गिळून पुढे जाऊ शकतो, यंत्राला ती सवय नसते. पिवळ्या मार्गिकेच्या गाड्यांना पुढे अडथळा आणि चाक रुळावरून घसरणं ओळखणारी साधनंही बसवलेली आहेत. राहतो प्रश्न फलाटावरून कुणी रुळांवर पडलं तर काय. जगात त्याला दोन उत्तरं आहेत. एक, फलाटाच्या कडेला काचेची भिंत आणि सरकते दरवाजे. मुंबईच्या भुयारी मेट्रो ३ वर ते तुम्ही पाहिले असतील. दुसरं, कॅनडातल्या व्हँकूव्हरसारखं. तिथे फलाटाला दारं नाहीत, पण रुळांवर काही पडलं की ओळखणारी यंत्रणा आहे आणि गाडी थांबवली जाते. तिथली स्कायट्रेन १९८५ च्या डिसेंबरपासून चालकाशिवाय धावते आहे. म्हणजे बाहेरच्या जगाच्या हिशेबाने यात नवल राहिलेलं नाही. फ्रान्समधल्या लिल शहरात १९८३ ला, जपानच्या कोबे शहरात तर १९८१ लाच अशा गाड्या सुरू झाल्या.

इथपर्यंत भीतीच्या प्रश्नाचं उत्तर झालं. आता पुढचा प्रश्न: चालक काढून मिळतं काय? बऱ्याच जणांना वाटतं, चालकाचा पगार वाचतो. थोडासा वाचतही असेल. पण कोट्यवधींच्या गाड्या आणि हजारो कोटींचा मार्ग यांच्यापुढे तो पैसा फार नाही. शिवाय स्थानकांवर, नियंत्रण कक्षात, दुरुस्तीला माणसं लागतातच. खरा फायदा वेगळा आहे आणि तो कळायला लिल आणि व्हँकूव्हर कामाला येतात. तिथे बांधलं गेलं ते लाइट मेट्रो नावाचं प्रकरण. नावावरून वाटतं गाडी वजनाने हलकी असेल, पण ‘लाइट’ हा शब्द मुख्यतः तासाला किती माणसं न्यायची याबद्दल आहे. ट्रॅमपेक्षा जास्त, मोठ्या मेट्रोपेक्षा कमी.

गणित करून बघू. समजा एका मोठ्या सहा डब्यांच्या गाडीत १५०० माणसं मावतात आणि गाडी दर २५ मिनिटांनी येते. तासाला २.४ गाड्या, म्हणजे ३६०० माणसं. आता दुसरीकडे एक छोटी गाडी घ्या, ३०० माणसांची, पण ती दर दीड मिनिटाला येते. तासाला ४० गाड्या, १२,००० माणसं. छोट्या गाडीने मोठीच्या तिप्पटीहून जास्त लोक नेले. वर फलाटावरची सरासरी वाट बघणं साडेबारा मिनिटांवरून पाऊण मिनिटावर आलं. वेळापत्रक पाहायची गरजच संपली. आणि तिसरा फायदा बांधकामाचा. गाडी छोटी तर फलाट छोटा, स्थानक छोटं, खर्च कमी. लिलची पहिली गाडी अवघी २६ मीटर लांब होती. आपल्या सहा डब्यांच्या मेट्रोच्या पाचव्या हिश्श्याएवढी.

पण दर दीड मिनिटाला गाडी सोडायची तर प्रत्येक गाडीला चालक, त्याची सुट्टी, त्याचा चहा, शेवटच्या स्थानकावर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाणं, हे सगळं जमवणं अवघड होतं. चर्चगेटला लोकल लागली की परतीसाठी उलट्या टोकाला मोटरमन हजर असावा लागतो, तेव्हाच गाडी पटकन फिरते. यंत्राला टोकं नसतात, ते जागच्या जागी दिशा बदलतं. संध्याकाळी अचानक गर्दी वाढली, तर डेपोत उभी असलेली जादा गाडी कुणाला घरून न बोलावता मार्गावर आणता येते. चालक काढण्यातून मिळतं ते हे: जास्त गाड्या, कमी अंतराने, हवं तेव्हा.

छोट्या गाडीची एक खोट मात्र सांगायलाच हवी. फलाट एकदा छोटा बांधला की नंतर वाढवणं फार अवघड जातं. व्हँकूव्हरचीच २००९ साली सुरू झालेली कॅनडा लाइन घ्या. फलाट चाळीस-पन्नास मीटरचे ठेवले, गाड्या दोनच डब्यांच्या, आणि गर्दी वाढल्यावर डबे जोडायला फारशी जागा नाही. बंगळुरूने तो धोका पत्करला नाही. तिथे सहा डब्यांची पूर्ण मेट्रो बांधली आणि यंत्रणा लाइट मेट्रोवाल्यांची घेतली. कागदावर दोन्हींतलं चांगलं. फलाट मोठे, आणि यंत्रणा दीड मिनिटाला गाडी सोडू शकेल अशी.

आता पस्तीस मिनिटं आठवा. जायला पस्तीस, यायला पस्तीस, दोन्ही टोकांना गाडी फिरवायला मिळून पाचेक मिनिटं. म्हणजे एक गाडी आर. व्ही. रोडहून निघाली की परत तिथेच यायला साधारण ७५ मिनिटं लागतात. मार्गावर एकच गाडी असेल तर ती दर ७५ मिनिटांनी दिसेल. तीन असतील तर ७५ भागिले तीन, पंचवीस. आणि पिवळी मार्गिका ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाली तेव्हा तिच्याकडे बरोबर तीन गाड्या होत्या. गाडी दर २५ मिनिटांनी. चौथी आल्यावर १९ मिनिटं, पाचवी आल्यावर १५. भागाकार करून पाहा, जुळतो. मला हे गणित पहिल्यांदा जुळलं तेव्हा शाळेतलं एखादं उदाहरण सुटल्यासारखा आनंद झाला होता.

म्हणजे काय झालं बघा. दीड मिनिटाला गाडी सोडू शकणारी यंत्रणा आहे, रूळ आहेत, स्थानकं आहेत, सरकते जिने आहेत. आणि गाड्या तीन! यंत्रणेची हुशारी दिसायला रुळांवर पुरेशा गाड्या असाव्या लागतात. त्या नसतील तर गाडी चालक चालवतो की संगणक, याने फलाटावरच्या माणसाला काडीचा फरक पडत नाही. ताशी वेग वाढवूनही फार साधत नाही. फेरी ७५ वरून ७० मिनिटांवर आणली, तरी तीन गाड्यांत २३ मिनिटांच्या आसपासच येणार. गाडी वाढवली की मात्र लगेच फरक दिसतो.

गाड्या का नव्हत्या, हेही समजून घेण्यासारखं आहे. २०१९ च्या अखेरीस २१६ डब्यांचं कंत्राट चीनच्या सीआरआरसी गटातल्या कंपनीला मिळालं. त्यातले ९० डबे, म्हणजे १५ गाड्या, पिवळ्या मार्गिकेसाठी होत्या. अट अशी की बहुतेक डबे भारतात बनवायचे. २०२० मध्ये भारत आणि चीन यांचे संबंध बिघडले, चिनी गुंतवणुकीवर बंधनं आली, आणि कारखान्याचा प्रश्न लोंबकळत राहिला. शेवटी पश्चिम बंगालच्या टीटागढ कंपनीबरोबर जुळणी झाली. चीनहून पहिली गाडी बंगळुरूत आली ती फेब्रुवारी २०२४ मध्ये, टीटागढची पहिली गाडी कारखान्यातून निघाली जानेवारी २०२५ मध्ये. त्यात गाडी नव्या प्रकारची आणि सिग्नल यंत्रणाही नवी, त्यामुळे चाचण्यांची मोठी साखळी. आधी उभ्या गाडीची तपासणी, मग धावत्या गाडीची, मग वेगवेगळ्या वेगांना ती किती हलते याची, आणि शेवटी सुरक्षा आयुक्तांची मंजुरी. या चाचण्यांत घाई करा असं कुणी म्हणू नये, मीही म्हणणार नाही. पण गाड्यांची मागणी आणि रुळांचं काम यांची सांगड आधीच्या टप्प्यावर तुटली, एवढं स्पष्ट दिसतं.

एक गंमत सांगतो. मुंबईच्या २ अ आणि ७ मार्गांचे डबे बनवले ते बीईएमएल या सरकारी कंपनीने, बंगळुरूतच. आणि पुण्याच्या मेट्रोचे डबे टीटागढचे. म्हणजे बंगळुरूत बनलेल्या गाड्यांतून मुंबईकर २०२२ च्या पाडव्यापासून फिरत होते, आणि बंगळुरूचा बांधून झालेला मार्ग बंगालकडे डोळे लावून बसला होता.

सगळ्या १५ गाड्या मार्गावर आल्या तर? ७५ भागिले १५, पाच मिनिटं. त्यातली एखाददुसरी दुरुस्तीला राहील, तेव्हा पाच-सहा धरा. तासाला दहा-बारा गाड्या. आपल्या मघाच्या आकड्याने पंधरा हजारांच्या वर माणसं. दीड मिनिटाला गाडी हवी असेल तर ७५ भागिले दीड, पन्नास गाड्या लागतील. तेवढ्या घ्यायचा कुणाचाच बेत नाही. म्हणजे यंत्रणेची क्षमता आणि प्रत्यक्ष खरेदी यांत अंतर राहणारच आहे, आणि ते कमी करायचं की नाही हा तंत्राचा प्रश्न नाही, पैशाचा आहे. सिल्क बोर्डला निळी मार्गिका जोडली गेली की तिथे गर्दी एकदम वाढेल. तेव्हा पाच मिनिटंही पुरणार नाहीत असं माझं मत आहे.

हे गणित तुम्हाला कुठेही लावता येईल. पुण्यात हिंजवडी ते शिवाजीनगर हा साधारण तसाच मार्ग आहे, २३ किलोमीटरच्या आसपास, आयटीवाल्यांसाठीचा. घर बघताना बिल्डर सांगतो, मेट्रो पाच मिनिटांवर. त्याला विचारायला हरकत नाही, पण उत्तर त्याच्याकडे नसतं. ते शोधायचं असं: एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला किती मिनिटं, त्याची दुप्पट, त्यात पाच मिळवा, आणि मार्गावर प्रत्यक्ष धावणाऱ्या गाड्यांच्या संख्येने भागा. ‘प्रत्यक्ष धावणाऱ्या’ हे महत्त्वाचं, कंत्राटात लिहिलेल्या नव्हे. मिळालेला आकडा पाचच्या आत असेल तर घड्याळ न बघता घराबाहेर पडा. पंधराच्या वर असेल तर गाडी चुकल्यावर काय करायचं याचा बेत आधीच करून ठेवा.

तिकिटाबद्दल आज बोललो नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये नम्म मेट्रोचं कमाल भाडं ६० रुपयांवरून ९० वर गेलं आणि त्यावर शहरात बराच गदारोळ झाला. भाडं कोण ठरवतं आणि कशावरून, हे पुढच्या भागात.